पुढच्या काचेला फुटणारा घाम

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून आणि पलीकडे कोल्हापूरहून यल्लम्माच्या यात्रेसाठी सौंदत्तीच्या डोंगराकडे गाड्यांची रीघ लागते. यात्रेत खोली मिळणे अवघड असल्याने अनेक कुटुंबे रात्र गाडीतच काढतात, आणि अलीकडे आमच्यासारखे काही हौशी लोक तर ट्रॅव्हलर गाडीतच बिछाना, ओटा व पाण्याची टाकी बसवून तिचे चक्क मोटरहोम करून घेऊ लागले आहेत. या गाड्या पहाटे पाच-साडेपाचला परतीला निघतात तेव्हा जवळपास प्रत्येकीची पुढची काच आतून पांढरी झालेली असते, आणि चालक तळहाताने ताटलीएवढे गोल भोक पुसून त्यातून रस्ता पाहत गाडी काढतो. गेल्या वर्षी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हुबळीकडच्या चालकाला मी हे दाखवले, तेव्हा तो ‘मंजु, मंजु’ म्हणत बाहेरच्या धुक्याकडे बोट दाखवून हसला. मलाही आधी तसेच वाटत होते. त्या समजुतीपायी मी दोन हिवाळे आणि बरेच पैसे घालवले, म्हणून हे पत्र.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका मशीन शॉपमधून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी बारा आसनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिचे आतले काम एका बॉडी बांधणाऱ्याकडून करून घेतले. पहिल्याच डिसेंबरात आम्ही दोघे हिडकल धरणाच्या बाजूला मुक्कामाला गेलो. रात्री काच स्वच्छ होती. पहाटे चहासाठी उठलो तर तिच्यावर मोहरीएवढे थेंब दाटले होते, त्यातले काही एकमेकांत मिसळून ओघळ होऊन खाली येत होते आणि ते पाणी काचेच्या खालच्या रबरात साचून डॅशबोर्डवरून थेट वायरिंगच्या दिशेने चालले होते. मी पंचाने काच पुसली, पंचा पिळला, तर पाऊण पेला पाणी निघाले. आणि मग मी एक शहाणपणा केला : तो ओला पंचा वाळण्यासाठी चालकाच्या सीटवरच टाकला. पुढच्या रात्री तेच पाणी पुन्हा काचेवर हजर.

काचेचे रबर गळत असणार असे निदान करून मी ते बदलून घेतले, वर सीलंट मारून घेतले, फरक शून्य. अखेर एका जुन्या मेकॅनिकने पाण्याची नळी लावून दहा मिनिटे काचेवर धार धरली आणि मला आत बसवले. एक थेंबही आत आला नाही. तो म्हणाला, “मामा, पाणी बाहेरनं येतच नाही, तुम्ही आतनं सोडताय.”

त्याचे म्हणणे आकड्यांत मांडले की चटकन पटते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो, म्हणजे दोन माणसे आठ तासांत जवळजवळ अर्धा लिटर. आता हवेची कुवत पाहा. 20 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम वाफ मावते. तीच हवा 13 अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यात 11 ग्रॅमच्या आसपासच राहू शकते आणि उरलेली वाफ जिथे सर्वांत गार पृष्ठभाग सापडेल तिथे पाणी होऊन बसते. माझ्या गाडीच्या आत सुमारे 12 घनमीटर हवा आहे. बाहेर धुके आणि 13 अंश तापमान असताना गाडी बंद करून दोघे झोपलो, तर तास-सव्वा तासात आतली हवा वाफेने काठोकाठ भरते, आणि पुढची सारी रात्र जी वाफ निर्माण होते तिला काचेवाचून दुसरी जागाच उरत नाही. चार माणसे आणि दोन मुले झोपलेल्या यात्रेच्या गाडीचा हिशेब वाचकांनीच करावा.

यात स्वयंपाकाची भर पडते, आणि ती अनेकांच्या ध्यानात येत नाही. गॅस जळताना त्यातूनच पाणी तयार होते : एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ हवेत येते. पातेल्यातल्या आधणाची वाफ ती वेगळीच. अर्धा तास शेगडी चालली तर केवळ गॅसच्या जळण्यातून शंभर ग्रॅमच्या वर पाणी गाडीत आले, म्हणजे एक माणूस तीन-साडेतीन तास अधिक झोपल्यासारखे झाले. रात्रीचा भात गाडीबाहेर शिजवायला लागल्यापासून आमची निम्मी कटकट कमी झाली, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. माझ्या मते निम्मी नसेल, पण एक चतुर्थांश नक्की.

हे सगळे पाणी पुढच्याच काचेवर का बसते, याचे कारण तिच्या ठेवणीत आहे. गाडीच्या बाजूंना आणि छताला फोम व प्लायवूड लावून आपण ऊब धरतो, पण समोरची काच एकेरी आणि उघडी राहते. शिवाय ती तिरकी असते, तिचे तोंड आकाशाकडे असते. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड असलेली वस्तू आपली उष्णता वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-चार अंशांनी गार होते. अंगणात ठेवलेल्या पत्र्यावर दव पडते आणि आंब्याखाली ठेवलेल्या पत्र्यावर पडत नाही, ते याचमुळे. म्हणून ढगाळ रात्रीपेक्षा चांदण्याच्या रात्री काच अधिक भिजते, आणि झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी केलेली गाडी उघड्या माळावरच्या गाडीपेक्षा कोरडी राहते.

थंडी वाजते म्हणून आपण चालकाच्या मागे जाड पडदा ओढतो आणि काचेला आतून चादर लावतो. मीही लावली होती. त्याने उलट परिणाम होतो. चादर गाडीतली ऊब काचेपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे काच आणखी गार पडते. वाफ मात्र कापडाच्या फटींतून आणि वरून आरामात पलीकडे जाते. सकाळी चादर काढली की मागे काचेवर नेहमीपेक्षा दुप्पट पाणी, आणि चादरही ओली. पांघरूण घालायचे तर ते काचेला बाहेरून घातले पाहिजे. युरोपातल्या थंड देशांत मोटरहोमवाले काचेला आणि चालकाच्या दोन्ही दरवाजांच्या काचांना मिळून बाहेरून चांदीसारखे चकचकीत, आत अस्तर भरलेले आवरण बांधतात, ते याच कारणासाठी. तिथे पारा शून्याखाली जातो आणि काचेवरचे पाणी आतूनच गोठते. आपल्या गरिबांच्या महाबळेश्वरात, म्हणजे बेळगावात, हिवाळ्यात पहाटेचे तापमान बहुधा 12 ते 15 अंशांदरम्यान असते, तेव्हा एवढ्या खर्चाची गरज नाही. काचेवर वाकळ आणि वाकळीवर ताडपत्री, दोन्हींच्या कडा दारात दाबून घेतल्या की काम भागते. फक्त आमच्या घरी सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ गाडीच्या काचेवर घालायला परवानगी मिळाली नाही. मी जुने घोंगडे वापरतो, आणि लोकर असल्याने ते उत्तम काम देते.

पण पांघरूण हा अर्धा उपाय झाला. वाफ बाहेर गेली नाही तर ती काच सोडून दाराच्या पत्र्यावर, खिडकीच्या चौकटीवर, गादीखालच्या फळीवर बसेल. माझ्या गाडीच्या छतातली मूळ झडप, धूळ येते म्हणून, बॉडी बांधणाऱ्याने मला न विचारता आतून फोमने बुजवून टाकली होती, आणि चालकाच्या पायाखाली गालिचा चिकटवून दिला होता. दुसऱ्या हिवाळ्यात त्या गालिच्याला बुरशीचा वास येऊ लागला. उचलून पाहिले तर खाली पत्र्याला गंज. दोन्ही कामांचे पैसे मी मोजले होते, आणि दोन्ही कामे उलटी करण्याचेही मीच मोजले.

आता झडप मोकळी केली आहे. रात्री ती दोन बोटे उघडी ठेवतो आणि पुढच्या एका दाराची काच बोटभर खाली घेतो, म्हणजे खालून हवा आत येते आणि वरून बाहेर पडते. फटीला डासांची जाळी आणि वर व्हायझर आहे. यावर हमखास आक्षेप येतो की बाहेर एवढे धुके असताना काच उघडली तर ओल आतच येणार. ऐकायला बरोबर वाटणारी ही गोष्ट चूक आहे. बाहेरची 13 अंशांची धुक्याची हवा ओलीचिंब वाटली तरी तिच्यात घनमीटरला 11 ग्रॅमच्या आसपासच वाफ असते. ती आत येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिच्यात आणखी 6 ग्रॅम वाफ सामावण्याची जागा तयार होते, आणि ती वाफ घेऊन ती वरच्या झडपेतून निघून जाते. मी एक लहान आर्द्रतामापक आणून गाडीत टांगला आहे. सर्व बंद ठेवले की पहाटे चारला तो 88 टक्के दाखवतो. फटी उघड्या ठेवल्या की 70च्या आसपास राहतो. थोडे गार लागते हे खरे, त्याला आणखी एक पांघरूण हा उपाय आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. ऊब यावी म्हणून किंवा काच सुकावी म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवणे, गॅस मंद पेटवून झोपणे, किंवा उभ्या गाडीचे इंजिन व एसी चालू ठेवून झोपणे, या तिन्ही गोष्टी जीवघेण्या आहेत. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. परदेशी मोटरहोममधले डिझेल हीटर जळणासाठीची हवा बाहेरून घेतात आणि धूरही बाहेर सोडतात. आपल्या शेगडीशी त्यांची तुलना करू नये.

मिठाची पुरचुंडी, तांदळाची पिशवी, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या हे उपाय मला अनेकांनी सुचवले. सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर तिसरा हिस्सा पाणी धरते, म्हणजे दोन माणसांच्या एका रात्रीच्या वाफेसाठी दीड-दोन किलो लागेल आणि रोज ते भट्टीत सुकवावे लागेल. बंद कपाटात पुडी ठेवावी, गाडीसाठी तिचा उपयोग नाही.

एवढे करूनही एखाद्या पहाटे काच धरतेच. तेव्हा आधी काचेला आतून बोट लावावे; रेघ उमटली तर पाणी आत आहे, न उमटली तर बाहेर, आणि बाहेरच्या दवाला वायपरचे दोन फटकारे पुरतात. पाणी आत असेल तर प्रथम रबराचे पाते किंवा कोरडे सुती फडके घेऊन ते टिपून घ्यावे आणि फडके गाडीबाहेर पिळावे. तळहाताने पुसू नये, कारण हाताचे तेल काचेला लागते, तिथे पुढच्या खेपेस वाफ लवकर धरते आणि समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा दिवा त्या तेलकट पट्ट्यात असा पसरतो की रस्त्याची कड दिसत नाही. मग गाडी सुरू करून एसी चालू करावा, तापमानाची कळ गरम बाजूला फिरवावी, झोत काचेकडे सोडावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद ठेवावे. थंडीत एसी कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. एसीच्या गार जाळीवर हवेतले पाणी गळून पडते, आणि कोरडी झालेली ती हवा गरम होऊन काचेवर आली की चार-पाच मिनिटांत काच लख्ख होते. तेवढा वेळ थांबावे. गरम पाणी ओतू नये. बारीकसा तडा असलेली काच त्याने जाऊ शकते.

निपाणीकडचे जुने ट्रकचालक पावसात काचेवर तंबाखू चोळत, आणि आमचा एक मित्र अजूनही साबणाचा पातळ हात फिरवतो. त्याने थेंब न होता पाण्याचा सपाट पापुद्रा होतो आणि आरपार दिसते, पण पाणी तिथेच असते आणि शेवटी रबरातच उतरते. घाटातली गरज म्हणून ठीक.

मुक्कामाची जागा निवडतानाही थोडा विचार करावा. थंड हवा जड असल्याने ती रात्री खोलगट भागात आणि पाण्याच्या कडेला साचते. सौंदत्तीजवळच्या जोगुळभावीच्या सखल बाजूपेक्षा थोड्या उंचवट्यावर, झाड असेल तर झाडाखाली गाडी लावावी आणि तोंड पूर्वेकडे करावे, म्हणजे निघायची घाई नसेल तेव्हा कोवळे ऊनच काच वाळवून देते. सकाळी काचेवरून काढलेले घोंगडे व ताडपत्री दवाने ओली असतात. ती घडी करून आत न घेता छतावरच्या कॅरियरला बांधावीत.

आपला,
एक निवृत्त यंत्र कामगार,
टिळकवाडी, बेळगाव