रविवारची सूचना : दोरी नीट बघून काढा

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या घाटावर चित्रं काढायला जमायचं आहे. विषय ठरलाय : खांबाला बांधलेला पॉपाय (कार्टूनमधला खलाशी) बंधनं तोडतो तो क्षण. (पूल आणि पॉपाय दोघेही १९२९ सालचे, म्हणजे एकाच वयाचे!)

कागद ए-थ्री, माध्यम कुठलंही. छापील चित्रावरून गिरवलेलं चालणार नाही, आपला पॉपाय आपणच काढायचा.

आलेल्या कच्च्या चित्रांबद्दल थोडं. बहुतेकांनी दोरी शेवयांसारखी हवेत उडवलीय. हळदीच्या पोत्याची सुतळी घेऊन जोरात ओढून बघा. ती एकदम तुटत नाही. आधी पीळ सैल होतो, मग एकेक तंतू ताठ उभा राहतो आणि शेवटचे दोन-तीन धागे सगळा ताण धरतात. चित्र तिथेच थांबवा, पुढचं बघणाऱ्याला कळतं. पॉपायची ताकद दंडात नाही, कोपराखालच्या फुगीर हातात आहे. नांगराचं गोंदणही तिथेच. म्हणून दोरी तिथेच रुतलेली दिसू द्या.

आणि हो, तिघांनी त्याचे हात पाठीमागे बांधलेत. बोटं काढायचा कंटाळा, दुसरं काय! हात पुढे आणा.

पॉपायला बळ देणारा पालकभाजीचा डबा चित्रात सक्तीचा नाही. सुरुवातीच्या चित्रपट्ट्यांत त्याला बळ मिळालं ते एका जादूच्या कोंबडीचं डोकं चोळून. कुणी कोंबडी काढली तर मला जास्त आवडेल.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. बसायला चटई आणा, पायऱ्या सकाळी ओल्या असतात. भडंग माझ्याकडून.