दोन मिनिटांचा नियम आणि चोवीस तासांची पाळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डॉक्टरांवरील ताणाविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते आणि त्या लिखाणाच्या शेवटी बहुधा एकच उपदेश असतो: मन खंबीर करा, श्वसनाचे व्यायाम करा, एखादा छंद जोपासा. आपत्कालीन विभागात, म्हणजे ज्याला बोलण्यात आजही सर्रास ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात तेथे, वीस वर्षांहून अधिक काळ काम केल्यावर या उपदेशाविषयी माझे एक मत बनले आहे. उपदेश खोटा नाही. पण तो ज्याला करायला हवा त्याला सोडून भलत्यालाच केला जातो. डॉक्टरच्या टिकण्याचा आणि त्याने नीट काम करण्याचा मोठा भाग त्याच्या मनात नसून त्याच्या पाळीच्या वेळापत्रकात असतो, एवढेच मला सांगायचे आहे.

आमच्या विभागातील सर्वांत साध्या नियमापासून सुरुवात करते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी किमान ५ सेंटिमीटर खोल दाबावी लागते आणि दाबणारी व्यक्ती दर दोन मिनिटांनी बदलावी असे मार्गदर्शक नियम सांगतात. यामागचे कारण मोठे बोलके आहे. सरावाच्या पुतळ्यांवर केलेल्या मोजण्यांत असे दिसले आहे की दाबणाऱ्याला आपण थकलो हे जाणवण्याआधीच त्याचे दाब उथळ पडू लागतात. म्हणून ‘तुम्ही थकलात का’ असे त्याला कोणी विचारत नाही. घड्याळाकडे लक्ष ठेवणारा ‘बदला’ म्हणतो, हात बदलतात, बाजूला झालेल्याला त्यात कमीपणा वाटत नाही आणि ‘याची सहनशक्ती कमी पडली’ असा शेराही कोणी मारत नाही. थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा मोजता येत नाही, ही गोष्ट आमच्या शास्त्राने इतक्या स्वच्छपणे मान्य केली आहे. आणि तोच नियम पाळणारा डॉक्टर, रुग्ण वाचो वा न वाचो, हातमोजे काढून पुढच्या रुग्णाकडे जातो, तेव्हा त्याच्या पाळीचा कितवा तास चालू आहे हे पाहणारे कोणीही तेथे नसते.

या अज्ञानाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास तीव्र ॲलर्जीने अंगभर पित्त उठलेला, श्वास घरघरणारा एक तरुण आला. मी तेव्हा वीस तासांहून अधिक काळ जागी होते आणि मला विचारले असते तर मी ‘ठणठणीत आहे’ असेच सांगितले असते. अशा प्रौढ रुग्णाला ॲड्रेनॅलिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे असते. हृदय बंद पडलेल्याला तेच औषध एक मिलिग्रॅम, शिरेतून, म्हणजे ‘आयव्ही’, देतात. तासाभरापूर्वीच आम्ही तसा एक रुग्ण हाताळला होता आणि माझ्या तोंडून निघाले, ‘ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम, आयव्ही.’ सिस्टरनी औषध भरले नाही. त्यांनी माझे वाक्य जसेच्या तसे मोठ्याने परत म्हटले आणि शेवटी विचारले, ‘मॅडम, आयव्ही की मांडीत?’ धडधडणाऱ्या हृदयाला ती मात्रा शिरेतून मिळाली असती तर त्याची लय बिघडून काय झाले असते याचा विचार मी पुढे कित्येक रात्री केला. त्या रात्री तो रुग्ण बचावला तो माझ्या खंबीरपणामुळे नव्हे. ऐकलेला आदेश उलट म्हणून दाखवायचा ही तेथे रुजलेली सवय आणि वरिष्ठ डॉक्टरला प्रश्न विचारण्याची एका परिचारिकेला असलेली मोकळीक, या दोन गोष्टींमुळे तो बचावला.

ही सवय विमान चालवणाऱ्यांकडून वैद्यकात आली. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली, आणि त्यानंतरच्या वर्षांत हाताखालच्या वैमानिकाने शंका बोलून दाखवणे आणि मुख्य वैमानिकाने ती ऐकून घेणे हा विमानचालनाच्या प्रशिक्षणाचाच भाग झाला. मात्र वैमानिकांकडून आम्ही संवादाची रीत घेतली आणि त्यांच्या उड्डाणाच्या तासांवरची सक्त मर्यादा तेथेच सोडून आलो, हे मला नेहमी खटकते.

झोपेविषयी जे ठाऊक आहे ते आता नवे राहिलेले नाही. सतरा तास सलग जागे असलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या कामातील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्याइतकी घसरते आणि चोवीस तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्के मद्य असलेल्याइतकी होते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले होते. मद्य घेतलेल्या माणसाला आपण गाडी चालवू देत नाही, मग श्वासनलिकेत नळी कशी घालू देतो? हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे की तो आता बोथट झाला आहे. तरी त्याचे उत्तर कोणी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. २००४ मध्ये बॉस्टनमधील अतिदक्षता विभागांत झालेल्या अभ्यासात, चोवीस किंवा त्याहून अधिक तासांच्या पाळ्या असलेल्या जुन्या वेळापत्रकावर काम करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून, लहान पाळ्यांच्या वेळापत्रकापेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या.

येथे थांबले असते तर माझी बाजू भक्कम दिसली असती. पण २०२० मध्ये त्याच विषयावर आलेला मोठा अभ्यास सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बालरुग्णांच्या सहा अतिदक्षता विभागांत चोवीस तासांच्या पाळ्या बंद करून पाहिल्या, तेव्हा चुका कमी होण्याऐवजी एकंदरीत वाढलेल्या आढळल्या. लांब पाळ्यांचे समर्थक हा निष्कर्ष आनंदाने सांगतात आणि नेमके पुढचे वाक्य गाळतात: लहान पाळ्यांच्या वेळापत्रकात एकेका डॉक्टरच्या वाट्याला येणारे रुग्ण वाढले होते, आणि तो फरक हिशेबात धरल्यावर चुकांमधला फरक उरला नाही. तास कापले आणि माणसे वाढवली नाहीत, तर थकव्याची जागा घाई घेते. शिवाय पाळी जितक्या वेळा बदलेल तितक्या वेळा रुग्णाची माहिती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जावी लागते, आणि हँडओव्हर जर उभ्या उभ्या, फोन वाजत असताना, दोन मिनिटांत उरकला जात असेल तर झोपेने मिळवलेले तेथे गळून जाते. म्हणूनच ‘पाळ्या लहान करा’ एवढी एकच मागणी करणाऱ्यांशीही माझे जमत नाही. तास, माणसे आणि हँडओव्हर या तिन्ही गोष्टी एकत्र सुधाराव्या लागतात, आणि तिन्हींना पैसा लागतो. श्वसनाच्या व्यायामाला तो लागत नाही, हे त्या उपदेशाच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

तरीही वैयक्तिक कौशल्यांना मी मोडीत काढत नाही. त्यांतील काही मी रोज वापरते. अवघड रुग्ण येतो आहे असा रुग्णवाहिकेतून निरोप आला की जी दोन-चार मिनिटे हाताशी असतात त्यांत चार आकडे मोजत श्वास घेणे, तितकाच रोखणे, तितकाच सोडणे आणि पुन्हा तितकेच थांबणे, असे काही वेळा केल्याने कापरा हात स्थिर होतो. त्यानंतर पहिली कृती कोणती, ती फसली तर दुसरी कोणती, कोण कुठे उभे राहील, हे मी सहकाऱ्यांसमोर मोठ्याने बोलून घेते. कारण घाबरलेल्या मेंदूला नवा विचार सुचत नाही, आधी बोलून ठेवलेला मात्र आठवतो. रात्रीच्या पाळीत मधल्या काळात वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी काढणे हा आळस नाही. उड्डाणादरम्यान आळीपाळीने अशी डुलकी घेणाऱ्या वैमानिकांवर नासाने केलेल्या अभ्यासात त्यांची सतर्कता आणि प्रतिसादाचा वेग, दोन्ही सुधारलेली दिसली होती. पण डुलकीसाठी कोणीतरी जागेवर उभे राहावे लागते, आणि पाळीला डॉक्टर एकच असेल तर हा सल्ला चेष्टेसारखा वाटतो.

याहून अवघड भाग मनाचा आहे. आपत्कालीन विभागात दुःख रांगेने येते आणि मधे जागा सोडत नाही. लहान मूल दगावल्याचे त्याच्या आईला सांगून मी बाहेर आले आणि पाचव्या मिनिटाला मुरगळलेल्या घोट्याचा एक रुग्ण ‘दीड तास झाला, कोणी बघायला तयार नाही’ म्हणून माझ्यावर ओरडला. त्याचे काही चुकले नव्हते. पडद्याआड काय घडले हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. त्या दिवशी मी त्याला जे फटकारले त्याची लाज मला आजही वाटते. अलीकडे काही विभागांत रुग्ण दगावल्यावर उपस्थित सगळ्यांनी मिनिटभर स्तब्ध उभे राहण्याची प्रथा रुजू लागली आहे. मी प्रथम ती नाटकी समजत होते. आता ती माझ्या विभागात मीच चालवते, कारण त्या एका मिनिटात गेलेल्या माणसाला माणूस म्हणून निरोप दिला जातो आणि पुढच्या रुग्णाकडे मागच्याचा राग घेऊन जाणे कमी होते.

चूक झाल्यानंतर डॉक्टरचे काय होते यासाठी अमेरिकी डॉक्टर आल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ अशा अर्थाचा शब्द वापरला. पहिला बळी अर्थातच रुग्ण, आणि या शब्दामुळे त्याचे दुःख झाकले जाते हा त्यावर घेतला जाणारा आक्षेप मला मान्य आहे. परंतु ज्याच्या हातून चूक झाली तो दुसऱ्या दिवशी त्याच विभागात पुन्हा निर्णय घेणार असतो. त्याला एकट्याला सोडले तर तो एक तर प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तपासण्या करत सुटतो किंवा काही वाटून घेणेच सोडतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी बर्नआउटची, कामाच्या ताणाने पार खचून जाण्याची, जी तीन अंगे सांगितली, म्हणजे भावनिक थकवा, रुग्णाकडे वस्तूसारखे पाहू लागणे आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना, त्यांतले दुसरे आपत्कालीन विभागात सर्वांत आधी कानावर पडते. ‘तीन नंबरच्या बेडवरची आजी’ऐवजी ‘तीन नंबरचा न्यूमोनिया’ असे कोणी म्हणू लागले की मी सावध होते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला रोग म्हटलेले नाही; कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था असे म्हटले आहे. ताण कामाच्या ठिकाणचा आणि औषध मात्र डॉक्टरने घरी जाऊन घ्यायचे, हे विचित्र नाही का?

मदत मागणे हाही आमच्याकडे धोका वाटतो. न्यूयॉर्कमधील एका आपत्कालीन विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी करोनाच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये आपले जीवन संपवले. मानसोपचार घेतल्याचे कळले तर वैद्यकीय परवाना जाईल ही भीती त्यांना होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. त्यांच्या नावाने मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्यसेवकांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी कायदा झाला. परवाना देताना डॉक्टरला ‘सध्या तुझ्या कामावर परिणाम करणारा काही आजार आहे का’ असे विचारणे रास्त आहे. ‘कधी मानसोपचार घेतलेस का’ असे विचारणे म्हणजे त्याला खोटे बोलायला किंवा उपचार टाळायला शिकवणे आहे.

हे सारे डॉक्टरांच्या संघटनांच्या अंतर्गत पत्रकात न लिहिता वृत्तपत्राला लिहिते आहे, कारण वेळापत्रक बदलण्याचा आग्रह रुग्णांकडून आला तरच व्यवस्थापने तो ऐकतात, असा माझा अनुभव आहे. सलग छत्तीस तास उभ्या राहिलेल्या डॉक्टरचे कौतुक आपण करतो तेव्हा पस्तिसाव्या तासाला त्याच्यासमोर आलेला रुग्ण आपल्या नजरेसमोर नसतो.

आमच्या विभागापुरता आम्ही एक लहानसा बदल केला आहे. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला हँडओव्हर बसून होतो, फोन एकच जण घेतो, आणि फळ्यावर डॉक्टरच्या नावापुढे तो शेवटचा कधी झोपून उठला ती वेळ लिहिली जाते. पहिले काही दिवस यावर पुष्कळ हसणे झाले आणि बऱ्याच जणांनी सरसकट ‘सकाळी सहा’ असे लिहिले. मग एका रात्री एका नव्या डॉक्टरने, जरा घुटमळत, ‘काल दुपारी’ असे लिहिले. त्याला आम्ही किरकोळ जखमांच्या खोलीत बसवले, गंभीर रुग्णांचा कक्ष दुसऱ्या डॉक्टरने घेतला आणि दोन वाजता त्याला अर्धा तास झोपायला पाठवले. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरच्या वेळा खऱ्या येऊ लागल्या.

आपली,
आपत्कालीन विभागात काम करणारी एक वाचक