साक्ष द्यायच्या आधी

प्रिय लेकीस,
सप्रेम सलाम.

शनिवारच्या घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनेच्या बैठकीत, तुला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं तुझ्या आयुष्यात काय केलं ते सांगायला सांगितलं आहे, आणि जन्मापासून चर्चच्या मंडळीत वाढलेल्या मुलीनं सांगायचं तरी काय, असं तू विचारतेस. आधी बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढ. जन्मांध माणसाला शेजारी विचारतात, तुझे डोळे कसे उघडले? तो सांगतो: येशू नावाच्या माणसानं चिखल केला, माझ्या डोळ्यांना लावला, शिलोह तळ्यावर जाऊन धू म्हणाला, मी गेलो, धुतले, दिसू लागलं. एवढंच. तो कुठे आहे, असं विचारल्यावर म्हणतो, मला ठाऊक नाही. साक्षीत 'मला ठाऊक नाही' म्हणता येतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट बघ. अकराव्या वचनात तो 'येशू नावाचा माणूस' म्हणतो, सतराव्यात 'संदेष्टा', आणि अडतिसाव्यात 'प्रभू, मी विश्वास ठेवतो'. लोक प्रश्न विचारत गेले, तो उत्तरं देत गेला, आणि सांगता सांगता त्याचाच विश्वास वाढला. म्हणून सगळं पक्कं झाल्यावरच बोलेन, असं म्हणून थांबू नकोस.

साक्ष म्हणजे प्रवचन नव्हे. 'आपण सर्वांनी प्रार्थना केली पाहिजे' हे वाक्य आलं की समजावं, गाडी उपदेशाकडे वळली. 'मी'चं 'आपण' झालं की ते वाक्य खोडून टाक.

रचना हवी असेल तर बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 26वा अध्याय वाच. प्रेषित पौल अग्रिप्पा राजासमोर बोलतो: 4 ते 11 वचनांत आधीचं आयुष्य, 12 ते 18 मध्ये दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर झालेली येशूची भेट, 19 ते 23 मध्ये त्यानंतर काय बदललं. आपल्याकडच्या साक्षी बिघडतात त्या पहिल्या भागात. पाचातली चार मिनिटं जुन्या पापांत आणि जुन्या दुखण्यात जातात, आणि प्रभूचं नाव शेवटी घाईघाईनं येतं. तू पहिल्या भागाला एक मिनिट दे, मधल्याला दोन, शेवटच्याला दोन. पाच मिनिटांत साधारण पाचशे शब्द मावतात. आधी सगळं कागदावर लिही, मोठ्यानं दोनदा वाच, मग तो कागद बाजूला ठेवून पाच-सहा शब्दांची चिठ्ठी हातात घे. कागद बघून वाचलेली साक्ष ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि पाठ केलेली मध्येच अडकते.

नाट्यमय काही घडलं नाही म्हणून खंत करू नकोस. पौलानं आपला तरुण सोबती तीमथ्य याच्या विश्वासाची मुळं सांगितली ती आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात. घरात मिळालेला विश्वास हीही साक्षच आहे. फक्त तो तुझा स्वतःचा कधी झाला, ते सांग. एकच प्रसंग घे: नोकरीच्या मुलाखतींचे ते चार महिने, किंवा होस्टेलमधली ती आजारपणाची रात्र. तारीख, जागा, कोण सोबत होतं, कुठलं वचन आठवलं. 'प्रभूनं मला खूप आशीर्वाद दिले' या वाक्यात ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. 'परीक्षेच्या आदल्या रात्री स्तोत्र 13 वाचलं, त्यातला "कुठवर" चार वेळा वाचला आणि झोप लागली' हे त्याला घरी घेऊन जाता येतं.

आता सांभाळायचं ते. आजार बरा झाल्याचं सांगशील तर डॉक्टर आणि औषधंही सांग. ती गाळलीस तर ऐकणारी एखादी बाई घरी जाऊन मधुमेहाची गोळी बंद करेल, आणि त्यात आपला वाटा असेल. ज्यांची प्रार्थना अजून ऐकली गेली नाही असे लोक त्याच चटईवर बसलेले असतात, म्हणून 'विश्वास ठेवला म्हणून मिळालं' असा हिशेब मांडू नकोस. भावाचं व्यसन, मैत्रिणीचं लग्न मोडणं, हे तिसऱ्याचं गुपित त्याच्या परवानगीशिवाय नको, नाव गाळलं तरी नको. घरसभेत पंधरा माणसं असतात आणि ती एकमेकांना ओळखतात. इतर धर्मांतल्या नातलगांच्या देवाविषयी वाकडा शब्द नको. आणि पाहुणे असतील तर 'तारण', 'अभिषेक' असे शब्द साध्या बोलीत उलगड.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, पुन्हा वाच. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, तेव्हा त्या सोबत नव्हत्या. त्या ख्रिस्ताकडे आल्या काही वर्षांनी, स्वतःच्या पावलांनी. मधला राग, ताटातूट, अपमान त्यांनी झाकला नाही, आणि म्हणूनच पुढचं पटतं. दुःख लवकर गोड करायची घाई हा आपल्या साक्षींचा मोठा दोष आहे, असं मला वाटतं.

तुझं बोलून झालं की कुणी रडू लागेल, कुणी स्वतःचं सांगू लागेल. तेव्हा सल्ला देऊ नकोस, वचनही लगेच पुढे करू नकोस. ऐक, आणि प्रार्थना करू का, एवढंच विचार. कुणी मोबाईलवर रेकॉर्ड करत असेल तर आधीच थांबव. अशी ध्वनिफीत संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर पोचते.

त्या आंधळ्याच्या आईवडिलांनी भीतीपोटी म्हटलं होतं, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. मी भीतीनं म्हणत नाही, पण तेच म्हणते: साक्ष तुझी, शब्द तुझेच असू देत. माझं एकही वाक्य घेऊ नकोस. शुक्रवारी रात्री नऊ वाजता फोन कर, घड्याळ लावून एकदा म्हणून दाखव. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई