ताई, तो क्यूब अजून जपून ठेवलाय

ताई,

आभार मानायला उशीरच झालाय. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, कामाला लाग आता" म्हणून फोन ठेवता, म्हणून म्हटलं सरळ लिहूनच टाकावं, आणि सगळ्यांसमोर लिहावं, म्हणजे अजून कोणी थ्रीडी मॉडेलची फाइल वाचून तिच्यातून कोड काढायच्या भानगडीत पडलं असेल तर त्याचे तरी चार दिवस वाचतील. नाव लिहू नको म्हणालात, नाही लिहीत.

वाचणाऱ्यांना भानगड काय ते आधी सांगतो. माझ्याकडे एक छोटा बोर्ड, त्याला छोटी स्क्रीन, आणि फाइल सिस्टिम नाहीच. त्यावर मॉडेल फिरताना दाखवायचं होतं. फाइल ठेवायलाच जागा नाही म्हटल्यावर मॉडेल प्रोग्रामच्या पोटातच घालावं लागणार, म्हणजे इकडे कॉम्प्युटरवर ओबीजे फाइल वाचायची आणि ते मॉडेल स्क्रीनवर काढणारा सी भाषेतला कोड लिहून देणारा एक प्रोग्राम करायचा. ओबीजे म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, कशातही उघडते. व्ही ने सुरू होणारी ओळ म्हणजे एक बिंदू, व्हीटी म्हणजे टेक्स्चरवरची, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रावरची जागा, व्हीएन म्हणजे नॉर्मल, पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते, आणि एफ म्हणजे यातले कुठले कुठले जोडून फेस, म्हणजे मॉडेलचा एक सपाट तुकडा, करायचा ते. एवढंच तर आहे, एका संध्याकाळचं काम, असं मी तुम्हालाच छातीठोकपणे सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत हे आता आठवतंय.

तर माझा प्रोग्राम लाखभर ओळींचा कोड ओकायचा आणि कंपाइल करताना त्यातल्या मोजक्याच ओळींवर एरर यायची. बाकी सगळ्या ठीक. आणि मी काय करत होतो, तर त्या ओळी शोधून हाताने दुरुस्त करत होतो, आणि मॉडेल बदललं की फाइल परत नव्याने तयार व्हायची आणि माझी सगळी मेहनत पुसली जायची, की परत पहिल्यापासून सुरू. दोन दिवस हे केलंय मी, लाज वाटते सांगायला. तुम्हाला सगळा प्रोग्राम पाठवला तर तुमचं एका ओळीचं उत्तर, "प्रोग्राम नको, त्याने काय लिहिलंय ते दाखव. आणि एवढं मोठं नको, क्यूबचं दाखव."

माझ्याकडे क्यूब नव्हता. तुम्ही मेसेजमध्येच टाइप करून दिलात, आठ ओळी व्ही च्या, सहा व्हीएन च्या, बारा एफ च्या, बिंदू-नॉर्मलचे सगळे आकडे एक, उणे एक नाहीतर शून्य. तो चालवला आणि एकूण एक ओळीला एरर! मी घाबरलो, तुम्ही खूश. कारण आता उघडच दिसत होतं, माझ्या कोडमध्ये "१एफ" असं लिहिलं जात होतं. आकडे लिहिणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनमध्ये मी %जी हा साचा वापरला होता आणि आकडा फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, आहे हे सी ला कळावं म्हणून मागे एफ चिकटवत होतो, ०.५ चं "०.५एफ" होतं ते चालतं, पण १.० ला %जी नुसतं "१" लिहितं आणि "१एफ" हा सी मध्ये आकडाच नाही, दशांश बिंदू तर पाहिजे. मोठ्या मॉडेलमध्ये नेमका पूर्णांक क्वचितच येतो म्हणून तिथे मोजक्याच एरर. तुम्ही म्हणालात %.८ई वापर, त्यात बिंदू कायम असतो, शिवाय नऊ सार्थ अंक मिळतात आणि तेवढे असले की ३२ बिटांचा फ्लोट लिहून परत वाचला तरी तोच राहतो. दिसायला ते आकडे भयाण दिसतात हे खरं, पण ते माणसाने वाचायचे नसतातच म्हणा.

कंपाइल झालं, स्क्रीनवर क्यूब आला, आणि तो क्यूब नव्हताच, एक षटकोनी फरशी होती. सगळ्या बाजू एकाच रंगाच्या, कडाच दिसेनात. मी लाइटच्या सेटिंगमध्ये घुसणार होतो, म्हणजे आणखी दोन दिवस गेलेच असते, तेवढ्यात तुम्ही परत तेच, "फाइल उघड. नॉर्मलचे आकडे वाचून दाखव." मी फोनवर वाचायला लागलो, शून्य शून्य एक, शून्य शून्य एक, शून्य शून्य एक, आणि पाचव्या ओळीला मीच गप्प झालो. सहा बाजू आणि सगळ्यांची तोंडं एकीकडेच.

हा बग मला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. एफ च्या ओळीत प्रत्येक कोपऱ्याला तीन नंबर असतात, बिंदू, टेक्स्चर, नॉर्मल, मध्ये तिरकी रेघ. टेक्स्चर नसेल तर मधली जागा रिकामी, म्हणजे ३//५ असं. मी तुकडे पाडायला सी मधलं स्ट्रटोक हे फंक्शन वापरलं होतं आणि स्ट्रटोकला लागोपाठ दोन रेघा म्हणजे एकच वाटते, रिकामी जागा ते सरळ गिळून टाकतं. झालं, पाच नंबरचा नॉर्मल टेक्स्चरच्या खात्यात जमा, आणि नॉर्मलच्या खात्यात काहीच नाही म्हणून मी आधीच घालून ठेवलेला पहिला नॉर्मल सगळ्यांना. एरर नाही, क्रॅश नाही, गपगुमान चूक. तिथेच तुम्ही हेही सांगून ठेवलंत की ओबीजेमध्ये मोजणी एकपासून होते, शून्यापासून नाही, आणि नंबर उणे पण असू शकतो, उणे एक म्हणजे तोवर आलेला शेवटचा. उणेवाली फाइल मला खरंच भेटली नंतर.

मग ससा. थ्रीडीवाले चाचणीला वापरतात तो स्टॅनफर्डचा १९९४ चा प्रसिद्ध ससा, ३५,९४७ बिंदू आणि ६९,४५१ त्रिकोण, पीएलवाय या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमधून ओबीजे करून घेतला. माझा प्रोग्राम तेव्हा प्रत्येक कोपऱ्याला एक नॉर्मलचा आणि एक व्हर्टेक्सचा (बिंदूचा) कॉल लिहायचा, ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीच्या जुन्या बिगिन-एंड पद्धतीने. त्रिकोण गुणिले तीन गुणिले दोन, ४,१६,७०६ ओळी, आणि त्या सगळ्या एकाच फंक्शनमध्ये. कंपाइलर लावला, जेवून आलो, तरी तो आपला चालूच. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसून म्हणालात, "अरे तुला कोड लिहायला कोणी सांगितलंय, आकडे लिही ना." मला आधी कळलंच नाही. मग कळलं की चार लाख ओळींत काम एकच, फक्त आकडे वेगळे. तर आकड्यांचा एक कॉन्स्ट, म्हणजे न बदलणारा, टेबल लिहायचा आणि तो काढणारा कोड हाताने लिहिलेला, कायमचा, दहा-पंधरा ओळींचा, शेवटी सगळा टेबल एकदम काढणारा एक ड्रॉ-एलिमेंट्सचा कॉल. शिवाय बोर्डवर होतं ओपनजीएल ईएस, म्हणजे छोट्या उपकरणांसाठीचं ओपनजीएल, त्यात बिगिन-एंड कधी नव्हतंच, म्हणजे माझा चार लाख ओळींचा महाल तिथे कंपाइल पण झाला नसता. हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, पण तुम्ही मला त्या कारणाने नाही अडवलंत, आधी मूळ मुद्दा पटवलात.

टेबल केल्यावर नवीनच घोळ. ओबीजेमध्ये बिंदूचा नंबर वेगळा आणि नॉर्मलचा वेगळा, आणि ग्राफिक्स कार्डला हवा एकच नंबर, सगळ्यासाठी. मी म्हटलं बिंदूचा नंबर ठेवू, आठ कोपरे, आठ व्हर्टेक्स. तुम्ही म्हणालात, "एका कोपऱ्याला किती बाजू येऊन मिळतात?" तीन. "मग त्या कोपऱ्याचं तोंड कुठे?" मी गार. एक कोपरा, पण तीन बाजूंच्या दृष्टीने तीन वेगळे नॉर्मल, म्हणजे कार्डच्या हिशोबात ते तीन वेगळे व्हर्टेक्स, आठ त्रिक चोवीस. म्हणून बिंदू-टेक्स्चर-नॉर्मल ही तिकडी एकत्र धरायची, आधी पाहिलेली असेल तर तिचाच नंबर द्यायचा, नसेल तर नवा. इतकी साधी गोष्ट, पण जागा काय वाचते! सशाला प्रत्येक बिंदूचा, आजूबाजूच्या त्रिकोणांच्या नॉर्मलची बेरीज करून, एकच मऊ नॉर्मल काढला, तर सगळे कोपरे सुटे लिहिले असते तर ५०,००,४७२ बाइट गेले असते, ते इंडेक्ससकट (म्हणजे कुठला व्हर्टेक्स घ्यायचा त्याच्या नंबरांसकट) १२,७९,४३४ वर आले. आणि बिंदू ६५,५३६ च्या आत असल्यामुळे दोन बाइटांचा इंडेक्स पुरला, चार बाइटांचा ईएस २.० मध्ये एक्स्टेन्शन असेल तरच चालतो.

सशाने जाता जाता अजून एक दणका दिला. कंपाइलर म्हणे "नॅनएफ" ओळखीचं नाही. मी हुशार, मॅथची हेडर फाइल जोडली, कारण त्या नावाचं फंक्शन खरंच आहे हो! मग एरर बदलली, मी अजून गोंधळलो. तोवर मात्र सवय लागली होती, तुम्हाला फोन न करता आउटपुटच उघडलं, तर टेबलात आकड्यांच्या जागी "-नॅनएफ" बसलेलं. सशाच्या फाइलमध्ये काही बिंदू कुठल्याच त्रिकोणात नाहीत, त्यांच्या नॉर्मलची बेरीज शून्य, तिला तिच्या लांबीने भागलं म्हणजे शून्य भागिले शून्य, त्याचं उत्तर प्रिंटएफ "नॅन" (आकडाच नाही) असं लिहितं, आणि त्याच्या मागे माझा लाडका एफ. ते बिंदूच गाळले. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा "छान" म्हणालात, तारीख लिहून ठेवलीय.

आता एक तक्रार पण करतो, नुसतीच स्तुती केली तर तुम्हालाच खोटी वाटेल. चारपेक्षा जास्त कोपऱ्यांचा फेस आला तर काय करू विचारलं होतं, तुम्ही म्हणालात पहिल्या कोपऱ्यातून पंख्यासारखे त्रिकोण पाड, चालतं. नाही चाललं. फुगीर आकारांना चालतं, पण बाणाच्या टोकासारखा आत वळलेला फेस आला आणि त्रिकोण आकाराच्या बाहेर सांडले. स्क्रीनशॉट पाठवला तर तुमचं उत्तर, "हो की. माझंच चुकलं, कान कापत जा." मला पाच मिनिटं कळेना कोणाचे कान. मग कळलं ती पद्धतच आहे, बाहेर आलेला एकेक कोपरा कानासारखा कापत जायचं. तुम्ही चूक इतक्या सहज कबूल केलीत ना, ते मला सगळ्यात भारी वाटलं, मी त्या जागी असतो तर आधी फाइललाच दोष दिला असता.

एसटीएल या आणखी एका थ्रीडी फाइलचं तर विसरलोच. बायनरी एसटीएलमध्ये ८० बाइटांचं हेडर, ४ बाइटांत त्रिकोणांची संख्या आणि मग प्रत्येक त्रिकोण ५० बाइटांचा. मी स्ट्रक्ट (सी मधला माहितीचा साचा) करून वाचत होतो आणि पहिला त्रिकोण बरोबर, पुढचा सगळा चुरा. कारण कंपाइलरने शेवटी दोन बाइटांची भर घालून स्ट्रक्ट ५२ चं केलेलं. हे मात्र तुम्ही न बघता, भाजी चिरता चिरता फोनवर सांगितलंत, "साइझऑफ, म्हणजे स्ट्रक्टचा आकार, किती येतोय बघ." बघितलं, ५२.

आता प्रोग्राम नीट चालतो, बोर्डवर ससा फिरतोय. तुमचा क्यूब टेस्टच्या फोल्डरमध्ये आहे, काहीही बदललं की आधी तोच चालवतो आणि निघालेली फाइल डोळ्यांनी वाचतो, २४ व्हर्टेक्स, ३६ इंडेक्स, ६४८ बाइट. त्या फाइलच्या वर कॉमेंटमध्ये तुमचं नाव टाकलं होतं, तुम्ही ओरडलात म्हणून काढलं, आता तिथे मूळ फाइलचं नाव आणि हे तीन आकडे येतात. एमटीएलमध्ये, म्हणजे ओबीजेसोबतच्या रंग-पोताच्या फाइलमध्ये, डी (अपारदर्शकता) आणि टीआर (पारदर्शकता) एकमेकांच्या उलटे असतात त्याचा घोळ अजून आहे, काच एका मॉडेलमध्ये दिसते, दुसऱ्यात गायब होते. रविवारी फोन करतो. आउटपुट उघडून बसलेला असेन.

तुमचा,
षटकोनी फरशीवाला