बाबा, ती माफी परत घ्या

बडोदा,
नारळी पौर्णिमेचा आदला दिवस

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘दहावीच्या वर्षी तुला टोपल्या उचलायला लावल्या, पोरी. चुकलंच.’ मी नुसत्या कपड्यांच्या घड्या घालत राहिले. फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

11 नोव्हेंबर 2009. फयान वादळ आलं आणि तुम्ही समुद्रात. आई रडली नाही. अर्धे सुकलेले बोंबील काठ्यांवरून ओरबाडत मला ओरडत होती, ‘वरचे आधी काढ!’ तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. जाळं गेलं होतं. त्याचं कर्ज मात्र घरीच होतं.

मग आई हर्णैच्या लिलावात म्हावरं घेऊन दारोदार विकायला लागली आणि शाळा सुटली की मी तिच्याबरोबर. ओझ्याचं म्हणाल तर त्याचं काही वाटलं नाही. वर्गात एक मुलगी नाकाला रुमाल लावून बाक बदलायची, ते लागायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. लिंबू चोळलं तरी करंदीचा वास नखांतून जायचा नाही.

लिलाव मात्र मला आवडायचा. बैलगाडी पाण्यातून वर यायची, वाळूवर ढीग पडायचा. यात किती वाटे निघतील, गावात काय भावाने जातील, हे मनात मांडून मी आईचा पदर ओढायचे: बस, याच्या वर नको. एकदा माझा हिशेब चुकला, ढीग दुसरीने नेला. रिकाम्या टोपल्या घेऊन परतलो. घर येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. गणिताला मला क्लास लागला नाही, तो असा.

2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी इथे समामध्ये आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतं. मगरी बाहेर आल्याच्या बातम्या, त्यामुळे कोणी खाली उतरेना. तळमजल्यावरच्या काकू एकट्याच. कपड्यांची दोरी सोडली, कठड्याला तुमची गाठ मारली, ओढली की आवळते आणि एका झटक्यात सुटते ती, आणि त्यांना वर आणलं. काकू तीन पिढ्यांच्या बडोदेकर. धापा टाकत विचारतात, ‘हे कुठे शिकलीस गं?’

तर ती माफी परत घ्या. उद्या नारळ सोडायला गुडघाभर पाण्यात जाऊ नका, दादाला पाठवा.

आई, सोडे संपलेत. इथे रोहू-कटला मिळतो, पण त्यात काही राम नाही. पाठवशील तेव्हा पिशवी घट्ट बांधू नकोस म्हटलं तरी बांधशीलच. मागच्या वेळी गाडीत अख्खा डबा नाकाला रुमाल लावून बसला होता. मी खिडकीशी निवांत झोपले.

तुमची,
बाय