गोव्याच्या जॅझवाल्यांच्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा निघाल्याच पाहिजेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नाट्यसंगीत, भजन, तियात्र, मांडो यावर नेहमी काही ना काही येतं आणि ते यायलाच पाहिजे, पण गोव्याच्या माणसांनी आणखी एक संगीत वाजवलं, पोटासाठी वाजवलं आणि जीव ओतूनही वाजवलं, त्याच्याबद्दल मराठी पेपरात फार क्वचित वाचायला मिळतं. मी जॅझबद्दल बोलतोय. हे पत्र लांबणार आहे, जमलं तर न कापता छापा ही विनंती.

मी फोंड्याचा, घरात भजन आणि अभिषेकीबुवा, पण बरीच वर्षं जॅझच्या रीइश्यू रेकॉर्ड जमवतोय. रीइश्यू म्हणजे जुनी रेकॉर्डिंग कंपनीच्या मूळ टेपवरून पुन्हा नीट साफ करून नव्याने छापलेली तबकडी. ब्लू नोट ही न्यूयॉर्कची कंपनी १९३९ साली निघाली, तिच्या पन्नास-साठच्या दशकातल्या दुर्मिळ मूळ प्रती आज लाखांत जातात, त्या आपल्यासारख्याच्या हाताला लागणं शक्यच नाही. पण २०१९ पासून त्यांनी टोन पोएट नावाची मालिका काढलीय, केविन ग्रे नावाचा माणूस मूळ टेपवरून मास्टरिंग करतो, म्हणजे छपाईसाठी आवाज तयार करतो, कॅलिफोर्नियात छपाई होते, जाड पुठ्ठ्याचं उघडणारं कव्हर आणि आत त्या सेशनचे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बैठकीचे, मोठे मोठे फोटो. आपल्याकडे येईपर्यंत किंमत तीन-चार हजारांच्या घरात जाते हे खरंय, म्हणून मी वर्षाला मोजक्याच घेतो, पण घेतलेली एकेक महिनोन्महिने ऐकतो. पहिल्यांदा फक्त बास ऐकायचा, मग फक्त ड्रम, मग पियानोवाला सोलोच्या मागून काय देतोय ते, असं करत करत एका रेकॉर्डमधून किती निघतं ते सांगून पटणार नाही, बसूनच ऐकावं लागतं.

आता यात एवढं काय, आवाज थोडा साफ येत असेल, असं काही लोकांना वाटतं, तर तसं नाहीये. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसची काइंड ऑफ ब्लू ही १९५९ची रेकॉर्ड घ्या, जॅझ न ऐकणाऱ्याच्या घरीसुद्धा सापडते. २ मार्चच्या सेशनला जी टेप मशीन चालू होती त्यातली एक किंचित हळू फिरत होती, आणि नेमकी तिचीच टेप एलपीसाठी, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकडीसाठी, वापरली गेली, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी प्ले करताना मूळ पट्टीपेक्षा थोडी वर चढायची. आपल्याकडे पेटीच्या पट्टीत कणभर फरक पडला तर गवई लगेच मान वळवून बघतो, आणि इथे जगभरची पोरं तेहेतीस वर्षं त्या रेकॉर्डबरोबर वाजवायला बसायची आणि सूर पुरता जुळायचा नाही. १९९२च्या रीइश्यूच्या वेळी दुसऱ्या मशीनची, बरोबर वेगाने चाललेली टेप वापरली तेव्हा पट्टी जागेवर आली. म्हणजे रीइश्यू करणाऱ्याने कान आणि कष्ट लावले तर वाजवणाऱ्याने त्या दिवशी जे खरं वाजवलं ते परत मिळतं.

मोझेक रेकॉर्ड्सचं काम तर मला सगळ्यात जास्त आवडतं. मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी या दोघांनी १९८३ मध्ये ती सुरू केली, एका कलाकाराचं एका काळातलं सगळं एका पेटीत, मोजक्याच प्रती, आणि सोबत मोठं पुस्तक, त्यात कुठल्या तारखेला कोण कोण होतं, ट्रंपेट कोणाचा, कुठला टेक, म्हणजे त्याच गाण्याचं कुठलं रेकॉर्डिंग, आधी नाकारलं होतं. तोच नाकारलेला टेक ऐकायला मिळाला की वाटतं एकच चीज बुवांनी दोन बैठकांत गायलेली ऐकतोय. कस्कुना २०२४ मध्ये गेले. ब्लू नोटच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेली कितीतरी सेशन्स त्यांच्यामुळे बाहेर आली. तसंच २००५ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुन्या रेडिओ टेप डिजिटल करताना पियानोवाला थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन यांची १९५७ची कार्नेगी हॉलची मैफल सापडली, जवळजवळ अर्धं शतक कोणी ऐकली नव्हती. एका सरकारी लायब्ररीत, रोजचं काम करताना! हे मुद्दाम लिहितोय कारण पुढे मला आपल्या लायब्ररीबद्दल बोलायचंय.

तर मग आमच्या माणसांचं काय? हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणायचे, १९१६चा जन्म, मुंबईच्या ताजमध्ये त्याचा बँड वाजायचा, लोक त्याला अमेरिकेतल्या प्रसिद्ध ट्रंपेटवाल्यावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि त्याच्या बँडच्या अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या, रेकॉर्ड निघाल्या होत्या. फ्रँक फर्नांड, ज्यांनी पुढे आमचें नशीब आणि निर्मोण हे कोकणी सिनेमे काढले, ते मूळचे ट्रंपेटवाले. मडगावचा ख्रिस पेरी. सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस. अशी कितीतरी माणसं चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे, म्हणजे संगीताच्या मास्तराकडे, सोल्फेज म्हणजे सूर वाचून गाणं शिकून, नोटेशन तोंडपाठ करून मुंबईला गेली, गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, राहिली, आणि लिऑन अ‍ॅबी १९३५ मध्ये आपला बँड घेऊन ताजला आला, नंतर टेडी वेदरफोर्ड आला, त्या अमेरिकन काळ्या कलाकारांचं ऐकून ऐकून यातल्या जुन्या पिढीने हे संगीत आपलंसं केलं. वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला, त्याने तिथे रेकॉर्डिंगही केलं होतं, म्हणजे हा फक्त गोव्याचा नाही, आख्ख्या जॅझच्या इतिहासाचा तुकडा आहे.

आणि मराठी वाचकांना हे परकं वाटायचं काहीच कारण नाही, कारण आपले सी. रामचंद्र, पुणतांब्याचे अण्णा चितळकर, त्यांच्या गाण्यांमागे हाच चिक होता. १९५१चा अलबेला आठवा, त्यातला जो ट्रंपेट आणि जो झोक आहे तो कुठून आला? शंकर-जयकिशनसाठी नोटेशन लिहिणारे सेबास्टियन डिसोझाही आमच्या रेइश मागूशचे. पण त्या काळच्या फिल्मी रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, सिनेमाचं नाव, बस्स. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. चांगल्या रीइश्यूने हेच भरून काढता येतं, वाद्यानुसार नावं छापायची. ज्यांच्या तोंडून ती नावं कळतील ती माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या पुढची आहेत.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगतो, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ किंवा त्याआधी भारतात निघालेली रेकॉर्डिंग आता मोकळी झालीत. कंपनीकडे जाऊन हात जोडायची गरज नाही. गाण्याच्या चालीचा हक्क मात्र वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे चिक १९६७ मध्ये गेला तर त्याच्या स्वतःच्या चालींवर २०२७ संपेपर्यंत हक्क आहे, तिथे घरच्यांशी बोलून रीतसर परवानगी आणि पैसे द्यायचे. खरं तर कायदा काहीही म्हणो, घरच्यांना विचारूनच आणि त्यांना देऊनच हे काम झालं पाहिजे. युरोपात १९६२ पर्यंतचं अमेरिकन जॅझ असंच मोकळं झालं आणि तिथे स्वस्तातल्या सीड्यांचा पाऊस पडला, कोणाच्या तरी दुसऱ्या सीडीवरून उचललेला आवाज, आवाज साफ करताना खरखरीबरोबर झांजेची किणकिण पण पुसून टाकलेली, वाजवणाऱ्यांची नावं गायब. तसलं काम आम्हाला नको.

कोणी म्हणेल यूट्यूबवर आहे की सगळं. काही काही आहे, मी ऐकलंय, कोणीतरी प्रेमाने घातलंय आणि त्यांचे आभारच, पण जुन्या तबकडीला एलपीची सुई लावून चालत नाही. अठ्ठ्याहत्तरची खाच रुंद असते, तिला इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या तीन भागांएवढी सुई लागते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची किंवा त्याहून बारीक, ती तळाशी जाऊन नुसती घाण वाचते. जाणकार माणूस वेगवेगळ्या मापाच्या सुया लावून बघतो, कारण जुन्या जाड सुयांनी खाच एका उंचीवर झिजलेली असते आणि तिच्या वर किंवा खाली अजून कोरा भाग शिल्लक असतो, तिथून आवाज ताजा येतो. इंटरनेट आर्काइव्हच्या अठ्ठ्याहत्तरच्या प्रकल्पात तर एकाच वेळी चार सुया लावून रेकॉर्डिंग करायचे. शिवाय सगळ्या अठ्ठ्याहत्तर काही नेमक्या ७८च्या वेगाने कापलेल्या नसतात, तिथे कान असलेला वाजवणाराच शेजारी बसायला पाहिजे, वेग जुळवून पट्टी ठरवायला. आपल्याकडे असे कान गावोगावी आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं की हे काम गोव्यातच व्हावं. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची संस्था, तिथे एक खोली, एक चांगला टर्नटेबल, सुयांचा एक सेट आणि दोन शिकलेली मुलं एवढ्यावर सुरुवात होते. कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे, त्यांनी वाजवणारे ओळखायला मदत करावी. आकाशवाणी पणजीने आपल्या कपाटात काय आहे त्याची यादी तरी जाहीर करावी. उत्सवांवर आणि रोषणाईवर जेवढा खर्च होतो त्याच्या तुलनेत हा आकडा कोणाच्या नजरेतही येणार नाही. पहिली तबकडी चिकची काढा, सोबत मराठी, कोकणी आणि इंग्रजीत पुस्तिका, आणि ती हळदोण्यात प्रकाशित करा.

जॅझ हे आपलं नव्हे असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगतो, १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यावर आमच्या शेजारच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेटही आहे. दोन्ही जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या काळातली रेकॉर्डिंग. ती तबकडीसुद्धा २०१७ मध्ये एलपीवर रीइश्यू झाली, मूळ टेप शोधून काढून. केसरबाईंचा आम्हाला अभिमान आहे ना, मग तेवढाच चिकचा पण असायला काय हरकत आहे?

शेवटी वाचकांना विनंती. बार्देशात, सासष्टीत, तिसवाडीत जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्ये, माळ्यावर अजून या रेकॉर्ड आहेत, घर विकताना भंगारवाला किलोवर घेऊन जातो. देऊ नका. पावसाळ्यात बुरशी येते म्हणून कोणी स्पिरिटने पुसतं, अठ्ठ्याहत्तर पुसू नका, ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एकदा खाच गेली की गेली. कोरड्या मऊ फडक्याने हलक्या हाताने धूळ काढा, आडव्या चळतीत नको, उभ्या ठेवा, कोरड्या जागी. आणि लेबलवरचं बँडचं नाव, गाण्याचं नाव, कंपनी आणि लेबलच्या कडेला तबकडीवरच खरवडलेला नंबर हे सगळं कागदावर उतरवून या पेपरला पाठवा, घरात कोणी वाजवणारं होतं तर त्यांचं नाव आणि वाद्यही लिहा. संपादकसाहेब, ही नावं आली की आठवड्यातून एक कोपरा त्यांना द्या, यादी तिथूनच सुरू होईल.

आपला,
एक वाचक, फोंडा