मिरवणुकीतला लेझर मोजायचा कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की डीजेच्या पाठोपाठ लेझरचाही विषय निघतो. २०२३च्या विसर्जन मिरवणुकांनंतर डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण पुण्या-कोल्हापुरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे आल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. पुढच्या वर्षी पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझर झोतांवर बंदीही घातली. बंदी योग्यच आहे. पण बंदोबस्तावरच्या शिपायाने ट्रसवरच्या (दिवे टांगायच्या सांगाड्यावरच्या) दिव्याकडे बोट दाखवले आणि लाइटवाला म्हणाला, “साहेब, हा लेझर नाही, शार्पी आहे,” तर ते खरे-खोटे करायचे कशाने? आदेशात नुसता ‘लेझर’ हा शब्द असून भागत नाही, आकडा हवा. तो कुठून येतो आणि जागेवर कसा तपासायचा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी ओळख. शार्पीचा झोत रुंद भिंगातून निघतो आणि त्यात शक्तिशाली दिव्याचा साधा प्रकाश असतो. तो डोळे दिपवतो, पण डोळ्यात त्याची प्रतिमा पसरट पडते. लेझरचा किरण निघताना जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाड असतो. त्याचा ठिपका भिंतीवर पडला की चमचमत्या वाळूसारखा दाणेदार दिसतो आणि पाहणाऱ्याने डोके किंचित हलवले की दाणेही सरकतात. साध्या दिव्याचा ठिपका असा कधीच दिसत नाही. ही तपासणी दूरच्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहून करायची, यंत्राच्या तोंडाकडे पाहून नव्हे.

आता हिशेब. लेझरचा किरण पसरतो, पण फार कमी. १ मिलिरेडियन पसरण म्हणजे दर मीटरला १ मिलिमीटर. समजा यंत्र २ वॅटचे आहे, किरण निघताना ४ मिलिमीटरचा आहे आणि पसरण दीड मिलिरेडियन. ३० मीटरवर त्याचा व्यास होतो ४९ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस सेंटिमीटर. अंधारात आपली बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. तेवढ्या भोकातून या झोतातले सुमारे ४० मिलिवॅट आत शिरतात. दृश्य प्रकाशासाठी, पापणी पाव सेकंदात मिटेल हे गृहीत धरून, आंतरराष्ट्रीय मानकाने सुरक्षित मानलेली मर्यादा आहे १ मिलिवॅट. याच यंत्राचा किरण तेवढा सौम्य व्हायला सुमारे २१० मीटर लागतात. लक्ष्मी रस्त्यावर बघ्यांची पहिली रांग किती मीटरवर असते, ते पुणेकरांना सांगायला नको. आणि २ वॅट म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे.

खरी गोम पुढे आहे. समांतर किरण डोळ्यात शिरला की डोळ्याचे स्वतःचेच भिंग तो पडद्यावर वीस-एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या ठिपक्यात एकवटते. बुबुळावर असलेली तीव्रता पडद्यावर सुमारे एक लाख पटींनी वाढते. मधुमेही रुग्णांच्या पडद्यावर डॉक्टर उपचार करतात तोही लेझरच असतो, बऱ्याचदा हिरवाच, ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग ठरवतो तो आकडा). काही मिलिसेकंद ते एकदशांश सेकंद एवढ्या वेळात तो ठरवून तेवढाच भाग भाजतो. फरक इतकाच, की डॉक्टर पीतबिंदूचा मध्य कटाक्षाने टाळतात आणि मिरवणुकीत माणूस झोताकडे रोखून बघतो, म्हणजे किरण नेमका पीतबिंदूवरच जातो. वाचताना, चेहरा ओळखताना आपण वापरतो ती हीच जागा.

“किरण सारखा फिरत असतो, डोळ्यावर थांबतोय कुठे?” असे लाइटवाले सांगतात. हे अर्धसत्य आहे. यंत्रात दोन चिमुकले आरसे असतात. ते सेकंदाला वीस-तीस हजार बिंदूंच्या वेगाने हलतात आणि एकाच किरणातून छत, बोगदा, पंखा अशा आकृत्या दिसतात. किरण एका डोळ्यावरून क्षणात जातो, पण सेकंदाला कित्येकदा परत येतो आणि त्या धक्क्यांची बेरीज होते. शिवाय आरशाची वायर सैल झाली, आरसे हलवणारे ड्रायव्हर सर्किट तापून बंद पडले किंवा जनरेटरचा दाब कोसळला, तर आरसे थांबतात आणि सगळी शक्ती एका जागी स्थिर होते. चांगल्या यंत्रात आरसे थांबताच किरण तोडणारे सर्किट असते. स्वस्त यंत्रात ते असेलच याची खात्री नाही, आणि नसले तरी बाहेरून कळत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ट्रस बांधलेला, खाली बेसचे हादरे, क्लॅम्प हळूहळू ढिला: संध्याकाळी डोक्यावरून जाणारा झोत रात्री दहाला तोंडावर आलेला असतो आणि ऑपरेटरला त्याचा पत्ता नसतो.

परावर्तन तर कोणी मोजतच नाही. साधी काच सरळ पडलेल्या किरणाचा प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के भाग परत फेकते. २ वॅटच्या किरणाचे ते १६० मिलिवॅट झाले. दुकानाची दर्शनी काच यात आली; ट्रकचा आरसा, पॉलिश केलेली स्टीलची कमान तर याहून कितीतरी जास्त परतवतात. तिरक्या कोनात काच आणखी जास्त परतवते, आणि भाद्रपदात ओला रस्ताही आरशासारखा वागतो.

परदेशात रूढ नियम असा आहे: माणूस उभा राहू शकेल त्या जागेपासून झोत किमान ३ मीटर उंच आणि बाजूने किमान अडीच मीटर दूर. मैदानातल्या कार्यक्रमात हे जमते. पेठांतल्या गल्ल्यांत नाही जमत. तिथे ३ मीटरवर वाड्याची गॅलरी असते, गॅलरीत आजी-आजोबा असतात आणि खाली बापाच्या खांद्यावर पोर बसलेले असते. झोत आकाशात सोडा म्हणावे तर लोहगावला उतरणारी विमाने आहेत, रात्री वैमानिकाचे डोळे दिपणे हा वेगळाच धोका. आमचे मत स्पष्ट आहे: अशा रस्त्यांवर मोठ्या शक्तीचा लेझर कोणत्याच अटीवर नको. मैदानात परवानगी द्यायचीच असेल तर यंत्राच्या तोंडाशी खालच्या बाजूने पत्र्याची आडपट्टी ठोकून बसवलेली हवी. सॉफ्टवेअरमध्ये आखलेली मर्यादा पुरत नाही, ती फाइल बदलताच जाते. आणि झोत तत्काळ तोडणारे बटण ऑपरेटरच्या हाताशी हवे, ट्रसवर नव्हे.

मोजणी अशी करता येईल. लेझर पॉवर मीटर घ्यायचा, त्याच्या सेन्सरपुढे ७ मिलिमीटरचे भोक पाडलेला काळा पत्रा लावायचा. मिरवणूक सुरू होण्यापूर्वी, गर्दी नसताना, प्रेक्षक जिथे उभे राहणार तिथे सेन्सर धरायचा, यंत्राला आकृती थांबवून किरण स्थिर ठेवायला सांगायचे आणि मीटरवर तरंगलांबी निवडून वाचन घ्यायचे. १ मिलिवॅटच्या वर गेले की यंत्र उतरवायचे, वादाला जागा नाही. रंगीत यंत्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेझर असतात. त्यामुळे मोजणाऱ्याचा संरक्षक चष्माही तिन्ही तरंगलांबींसाठीचा हवा. हिरव्यासाठीचा चष्मा निळ्याला अडवेलच असे नाही, आणि साधा गॉगल तर अजिबात पुरत नाही. आदेश असा मिलिवॅटमध्ये लिहिला तर बांधकामावरची लेझर लेव्हल किंवा दुकानातला बारकोड वाचक विनाकारण बंदीत सापडणार नाही.

जत्रेत मिळणाऱ्या हिरव्या पॉइंटरबद्दलही दोन शब्द. त्याचा हिरवा रंग १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य किरणापासून बनतो. तो अडवणारा फिल्टर काही स्वस्त पॉइंटरमध्ये नसतो. अदृश्य प्रकाशाला पापणी मिटत नाही. त्यामुळे ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ या लेबलवर विसंबून तो मुलांच्या हातात देऊ नये.

झोत थेट डोळ्यावर आला असेल तर दुखण्याची वाट पाहू नका, पडदा भाजल्याची वेदना सहसा होत नाही. एकेक डोळा झाकून चौकडीच्या वहीच्या पानावर मध्यभागी काढलेल्या ठिपक्याकडे बघा. रेघा वाकड्या दिसल्या, मध्ये काळा किंवा धुरकट डाग दिसला, तर मनाने कोणतेही थेंब न घालता दुसऱ्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि ‘लेझर लागला’ हे शब्द सांगूनच बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचे स्कॅन) करून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, म्हणून कित्येकांना इजा झाल्याचे आठवडाभर कळतच नाही.

– लेझर व प्रकाशिकी क्षेत्रात काम करणारे काही अभियंते आणि शिक्षक, पुणे